१८५५ च्या आधी वारलेला स्कॉटिश पूर्वज रेकॉर्डमध्ये सापडतच नाही, मग काय करायचं

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारतं, आणि प्रत्येक वेळी वर्णन तेच असतं, की जन्म मिळाला, लग्न मिळालं, पोरांचे बाप्तिस्मे मिळाले, पण माणूस वारला कधी आणि पुरला कुठे तेच मिळत नाही, सर्च मारला की झिरो रिझल्ट. मी लग्न करून स्कॉटलंडमधल्या डंडीला आले आणि सासूबाईंच्या घराण्याचा माग काढायला बसले तेव्हा माझंही घोडं बरोबर इथेच अडलं होतं. सासूबाईंचे खापरपणजोबा, अँगस काउंटीतल्या एका छोट्या गावातले हातमागवाले विणकर. १८४१ च्या सेन्ससमध्ये बायकापोरांसकट दिसतात आणि १८५१ मध्ये बायको विधवा म्हणून नोंदलेली. मधल्या दहा वर्षांत माणूस गेला हे नक्की, पण कागद नाही. दीड वर्ष लागलं मला, आणि त्यातले सहा महिने तर चुकीच्या माणसाच्या मागे गेले, ते पुढे सांगते.

आधी हे समजून घ्या की बहुतेक वेळा तुमचा सर्च चुकलेला नसतो. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याच्या आधीचं जे काही आहे ते चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशांनी (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गाव-परिसर) ठेवलेलं, अशा पॅरिश ९०० च्या आसपास होत्या आणि सगळ्यात जुनं टिकलेलं रजिस्टर १५५३ चं, पर्थशायरमधल्या एरोल गावचं. आता बाप्तिस्मा आणि लग्न यात चर्चचा थेट संबंध, म्हणून ते लिहिलं जायचं (तेही सगळीकडे नाही, हायलँड्स आणि बेटांवर कितीतरी पॅरिशांची रजिस्टरं अठराव्या शतकाच्या शेवटी नाहीतर एकोणिसाव्यातच सुरू होतात). पण दफनाचं तसं नव्हतं. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चने मेलेल्यासाठी प्रार्थना, विधी हे सगळं बंदच करून टाकलं, थडग्यापाशी पाद्र्याने काही म्हणणंसुद्धा नको अशी भूमिका. म्हणजे माणूस पुरायचा तर खड्डा खणणारा आणि खांदा देणारे पुरेत, पाद्र्याचं काही कामच नाही, आणि ज्याचं काम नाही तो वहीत लिहील कशाला? म्हणून बऱ्याच पॅरिशांत दफनाचं रजिस्टर ठेवलंच गेलं नाही, किंवा मधेच एखाद्या काळजीवाल्या क्लार्कने वीस वर्षं ठेवलं आणि तो गेल्यावर बंद. मोठ्या शहरांचं वेगळं, एडिनबराच्या ग्रेफ्रायर्सच्या दफनांची नोंद १६५८ पासून आहे, पण आपले पूर्वज क्वचितच इतके सोयीच्या ठिकाणी मेलेले असतात.

म्हणून पहिलं काम, नाव टाकून सर्च करायच्या आधी त्या पॅरिशचं दफनाचं रजिस्टर मुळात आहे का आणि कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे हे बघा. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर पॅरिशवार यादी मिळते. रजिस्टरच नसेल तर नावाची स्पेलिंगं बदलून बदलून रात्री जागवण्यात काही अर्थ नाही, मी जागवल्यात. आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर नाही म्हणजे कुठेच नाही असंही धरू नका, तिथला जुन्या पॅरिशांचा इंडेक्स मुख्यतः बाप्तिस्मे आणि लग्नांचा आहे.

रजिस्टर आहे पण माणूस नाही, असं असेल तर मग सर्चकडे वळा. इथे सगळ्यात जास्त लोक पहिलं नाव टाकून अडकतात. दफनाच्या नोंदीत पहिलं नाव कितीतरी वेळा नसतंच, "अमक्याचं मूल", "विधवा अमकी", किंवा नुसतं आडनाव आणि धंदा. म्हणून पहिलं नाव रिकामं ठेवा, आडनाव आणि पॅरिश आणि वर्षांची रेंज एवढंच टाका, आणि आडनावातही स्टार (* हे चिन्ह, म्हणजे तिथे कुठलीही अक्षरं चालतील) वापरा, कारण मॅक असलेली आडनावं एम-ए-सी, एम-सी, नुसता एम आणि वर टिंब अशी वाटेल तशी लिहिलेली असतात आणि काही वेळा तर मॅक गाळूनच टाकलेला असतो. पहिली नावंही फसवतात. जेनेट, जीन, जेसी ही एकच बाई असू शकते. एल्स्पेथ म्हणजे एलिझाबेथ, मार्गारेटची पेगी होते, पीटर आणि पॅट्रिक अदलाबदल होतात, गेलिक बोलणारा डोनाल्ड इंग्रजी लिहिणाऱ्या क्लार्कच्या वहीत डॅनियल होऊन बसतो. क्लार्कने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं, आणि आपल्या पूर्वजांपैकी किती जणांना स्वतःचं स्पेलिंग तपासता येत होतं?

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली, आणि आपल्या लोकांना ती मुद्दाम सांगावी लागते कारण आपल्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलायचंच, पुष्कळ घरांत पहिलं नावसुद्धा बदलायचं, त्यामुळे पणजीचं माहेरचं नाव विचारलं की घरात कोणालाच सांगता येत नाही. जुन्या स्कॉटलंडमध्ये बाई कायद्याने माहेरचंच नाव धरून राहायची. थडग्यावर, मृत्युपत्रात, पोरांच्या बाप्तिस्म्यात तिचं माहेरचं आडनाव दिसतं, आणि १८५५ नंतरच्या मृत्यूच्या इंडेक्समध्ये तर माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांनी शोधता येतं. म्हणून विधवा सापडत नसेल तर तिला माहेरच्या नावाने शोधा. माझं अडलेलं काम शेवटी याच एका गोष्टीने सुटलं.

आता मुख्य मुद्दा, आणि एवढा एक जरी लक्षात ठेवलात तरी पुष्कळ झालं. मृत्यू लिहिला गेला नसेल, पण पैसे लिहिले गेले. पॅरिशकडे मॉर्टक्लॉथ नावाचं एक कापड असायचं, बहुधा काळं मखमली, ते शवपेटीवर घालायला भाड्याने द्यायचे आणि त्याचं भाडं पॅरिशच्या गरिबांच्या फंडात जायचं. मोठ्या माणसांचं मोठं, लहान मुलांचं छोटं, आणि भारी आणि साधं असे दोन दर्जेही बऱ्याच ठिकाणी, दर वेगळे. हे भाडं कर्क सेशनच्या, म्हणजे त्या पॅरिशच्या पंचमंडळींच्या, हिशेबात लिहिलेलं असतं: तारीख, कोणासाठी, किती शिलिंग. कित्येक पॅरिशांत एखादा माणूस वारला याचा तेवढा एकच पुरावा उरलेला आहे. काही ठिकाणी या नोंदी दफनांच्या इंडेक्समध्ये आल्यात पण पुष्कळशा आलेल्या नाहीत, त्या हिशेबाच्या वहीतच पडून आहेत. बरं, ही वही वेगळीच असेल असंही नाही, कधी सभेच्या इतिवृत्तातच मधे मधे हिशेब असतो, कधी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर.

२०२१ पासून कर्क सेशनच्या या वह्यांचे फोटो स्कॉटलंड्सपीपलवर व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स म्हणून ठेवलेत आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. पण नावाचा इंडेक्स नाही, पान न् पान उलटायचं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वह्या सीएच-२ या नंबराखाली आणि फुटून निघालेल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या सीएच-३ खाली, हे लक्षात ठेवलं तर नॅशनल रेकॉर्ड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी दफ्तरखान्याच्या, कॅटलॉगमध्ये शोधणं सोपं जातं. वाचताना आणखी एक अडचण येते, जुन्या हिशेबात पौंड स्कॉट्स असतात, इंग्लंडशी झालेल्या १७०७ च्या एकीकरणानंतरही काही पॅरिशांनी कितीतरी वर्षं तेच चालू ठेवले. बारा पौंड स्कॉट्स म्हणजे एक पौंड स्टर्लिंग. हे माहीत नसलं की एखाद्याच्या कापडाचं भाडं बघून वाटतं की बापरे हा जमीनदार होता का, आणि तो असतो साधा कुळाने कसणारा. सतराव्या शतकात गेलात तर अक्षरही वेगळं, सेक्रेटरी हँड म्हणतात ते, त्याची सवय व्हायला महिना जातो, जसं मोडी वाचायला बसल्यावर पहिले काही दिवस सगळं एकसारखंच दिसतं तसंच.

मॉर्टक्लॉथमध्येही नाव नाही, तर? याची कारणं आहेत. अगदी गरीब असेल तर कापड फुकट दिलं जायचं आणि हिशेबात आलंच नाही. लहान मुलं कितीतरी वेळा कापडाशिवायच पुरली जायची. आणि तिसरं कारण ज्याच्याकडे माझं स्वतःचं फार उशिरा लक्ष गेलं, ते म्हणजे विणकर, शिंपी, चांभार, लोहार यांच्या व्यवसायसंघांची स्वतःची मॉर्टक्लॉथ असायची. सभासदाच्या घरचं कोणी गेलं की संघाचं कापड. त्यावरून चर्चशी भांडणं झालीत, कारण चर्चचं उत्पन्न बुडायचं. म्हणजे तुमचा पूर्वज कारागीर असेल तर त्या गावच्या व्यवसायसंघाच्या वह्या कुठल्या अर्काइव्हमध्ये आहेत ते विचारा, पॅरिशच्या वहीत नाही म्हणून सोडून देऊ नका.

आता माझी सहा महिन्यांची चूक. दफनाची नोंद मिळेना म्हणून मी कोणाच्या तरी ऑनलाइन ट्रीमध्ये, म्हणजे वंशवृक्षात, बघितलं, तिथे त्याच नावाचा माणूस, शेजारच्या पॅरिशमध्ये १८४६ ला वारलेला, सगळं जुळल्यासारखं वाटलं आणि मी ते उचललं. सासूबाईंना सांगितलंही, त्यांनी वहीत लिहून घेतलं. नंतर कळलं की तो माणूस वेगळाच, त्याची बायको १८५१ ला दुसऱ्याच घरात दुसऱ्याच नावाची. स्कॉटलंडमध्ये हे सारखं होतं कारण नावं ठेवायची एक ठरलेली रीत होती, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. म्हणजे चार भाऊ असले की चौघांच्या घरात आजोबांच्या नावाचा एकेक नातू, एकाच पॅरिशमध्ये, साधारण एकाच वयाचे. नाव आणि गाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं इथे अजिबात नाही. बायकोचं माहेरचं नाव, धंदा, आणि राहण्याची वाडी किंवा शेत यातल्या दोन गोष्टी तरी जुळल्याशिवाय मी आता कोणालाच ट्रीमध्ये घेत नाही.

मग मी उलट्या बाजूने निघाले, आणि तुम्हीही हेच करा. मेलेल्या माणसाला सोडा, त्याच्यामागे कोण उरलं ते बघा. १८४१ चा सेन्सस ६ जूनच्या रात्रीचा, १८५१ चा ३० मार्चचा. (१८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली उतरवून लिहायचं होतं, म्हणजे ३५ लिहिलेला माणूस ३९ चाही असू शकतो, त्यामुळे वय जुळत नाही म्हणून घाईने फुली मारू नका. नातंही लिहिलेलं नसतं, ते १८५१ पासून.) पोरांच्या लग्नाचं सर्टिफिकेट १८५५ नंतरचं असेल तर त्यात बाप हयात आहे की मयत ते बहुधा लिहिलेलं असतं, तेवढीच मुदत कमी होते. आणि सगळ्यात मोठा खजिना म्हणजे १८५५ ते १८६० मधली डेथ सर्टिफिकेटं. या सहा वर्षांत मृत्यूच्या नोंदीत पुरल्याची जागा लिहिलेली आहे! १८६१ पासून ते काढून टाकलं. त्यातही १८५५ चं सर्टिफिकेट मिळालं तर नशीबच, त्यात जन्मगाव, नवरा-बायको, सगळ्या मुलांची नावं आणि वयं, इतकं सगळं आहे. क्लार्क लोकांना एवढं लिहिणं झेपलं नाही म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले.

याचा उपयोग कसा, तर कुटुंबाची पुरायची जागा एकच असायची, तिला तिथे लेअर म्हणतात. तुमचा माणूस १८४५ ला गेला असेल, पण त्याची बायको, आई, भाऊ, बहीण, लग्न न झालेली मुलगी यातलं कोणीही १८५५ ते १८६० मध्ये गेलं असेल तर त्या सर्टिफिकेटवरून लेअर कुठल्या कर्कयार्डात, म्हणजे चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत, आहे ते कळतं, आणि बहुधा तो माणूसही तिथेच असतो. मी आमच्या विणकरांच्या विधवेला सासरच्या नावाने शोधत होते तेव्हा त्याच आडनावाच्या ढिगाने बायका येत होत्या, माहेरच्या आडनावाने टाकल्यावर एकच आली, १८५९ ची. आईबापांची नावं जुळली, खबर देणारा म्हणून सही मोठ्या मुलाची. आणि पुरल्याची जागा त्यांच्या राहत्या पॅरिशची नाहीच, पलीकडच्या पॅरिशची, जिथे नवऱ्याचे आईबाप राहायचे. मी इतके महिने चुकीच्या पॅरिशच्या वह्या वाचत होते.

त्या दुसऱ्या पॅरिशच्या कर्क सेशनचा हिशेब उघडला, १८४१ पासून एकेक पान, आणि चौथ्या संध्याकाळी १८४४ च्या हिवाळ्यात एक ओळ. आडनाव (शेवटचं अक्षर वेगळं), विणकर, त्यांच्या वाडीचं नाव, मोठं मॉर्टक्लॉथ, पुढे शिलिंग. पहिलं नाव नाही. सासूबाईंना फोन करून मी ती ओळ वाचून दाखवली तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, परत एकदा वाच.

यानेही भागलं नाही तर आणखी काही ठिकाणं, थोडक्यात सांगते. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, गरिबांना माफ होता पण बाकीच्यांनी पैसे वाचवायला नोंदच केली नाही, त्यामुळे त्या दशकातली पोकळी खरी पोकळी नाही. १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि फ्री चर्च निघालं, त्याच्या आधीही १७३३ पासून गट फुटत होते, त्यामुळे एखादं कुटुंब रजिस्टरमधून अचानक गायब झालं तर बहुतेक वेळा ते मेलेलं नसतं, दुसऱ्या चर्चमध्ये गेलेलं असतं, बाप्तिस्मे तिकडे शोधा, पण दफन मात्र पुष्कळदा जुन्याच कर्कयार्डात, कारण गावात पुरायची जागा तीच. थोडीफार मालमत्ता होती अशी शंका असेल तर टेस्टामेंट, म्हणजे मयताच्या मालमत्तेचे कोर्टातले कागद, बघा, त्याचा इंडेक्स फुकट आहे, मृत्यूची तारीख तिथे बऱ्याचदा मिळते. ग्लासगोला गेलेले गरीब नातेवाईक असतील तर मिचेल लायब्ररीतले पुअर लॉचे (गरिबांना मदत देण्याच्या कायद्याखालचे) अर्ज, मदत मागायला आलेल्याची अख्खी कौटुंबिक हकीकत विचारून लिहिलेली आहे, वाचताना पोटात तुटतं पण माहिती इतकी दुसरीकडे नाही.

थडग्यांवरच्या मजकुराच्या छापील याद्याही आहेत, १८५५ पूर्वीच्या थडग्यांच्या काउंटीवार याद्या स्कॉटिश जीनिऑलॉजी सोसायटीने काढल्यात आणि त्या करणाऱ्यांनी दगड झिजायच्या आधी वाचून ठेवले म्हणून आज आपल्याला मिळतात. स्वतः कर्कयार्डात गेलात तर कृपा करून दगडावर तारेचा ब्रश, खडू, साबण काही वापरू नका, वाळूचा दगड पापुद्र्यासारखा सुटतो आणि अक्षरं कायमची जातात. संध्याकाळी जा, टॉर्च एका बाजूने तिरपा धरा, सावलीत अक्षरं उठून येतात. आणि दगडावरची तारीख ही दगड बसवणाऱ्याच्या आठवणीतली असते, कधी मृत्यूनंतर तीस वर्षांनी कोरलेली, त्यामुळे तीही कागदाशी ताडून बघा.

आणि माणूस देशातच मेला नसेल तर? कंपनी सरकारच्या नोकरीत, पलटणीत, मिशनमध्ये किती स्कॉटिश लोक आपल्याकडे आले. विल्सन कॉलेजवाले डॉ. जॉन विल्सन १८०४ मध्ये लाउडरला जन्मले आणि १८७५ मध्ये मुंबईत वारले. असा संशय असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी एन-३ या नंबराखाली आहेत. तिथे माणूस मिळाला तर स्कॉटलंडमध्ये का मिळत नव्हता ते लगेच कळतं.

शेवटी ट्रीमध्ये लिहिताना एक काळजी घ्या. मॉर्टक्लॉथच्या पैशाची तारीख मृत्यूची तारीख म्हणून टाकू नका, दफनाचीसुद्धा नाही, कारण काही ठिकाणी पैसे नंतर जमा झालेले असतात. मी आमच्या विणकरांपुढे असं लिहिलंय: मृत्यू ६ जून १८४१ नंतर आणि मॉर्टक्लॉथच्या नोंदीच्या आधी, बहुधा १८४४, आडनाव, धंदा आणि वाडी जुळते, पहिलं नाव नोंदीत नाही. सोबत पानाचा फोटो, वहीचा नंबर आणि पान नंबर. सासूबाईंनी त्यांच्या वहीतली १८४६ ची जुनी ओळ खोडली आणि खाली हे जसंच्या तसं उतरवून घेतलं, "बहुधा" सकट.